छत्रीधारी सैनिकाचा घोटा

हवाई छत्रीच्या आधाराने सैनिक पिसासारखा अलगद खाली उतरतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात, अमेरिकी लष्कराने अनेक दशके वापरलेल्या 'टी-१०' छत्रीने उतरणाऱ्या सैनिकाचा वेग जमिनीला पाय टेकताना सेकंदाला सुमारे ६.७ मीटर असे. सव्वादोन मीटर उंच भिंतीवरून उडी टाकण्याइतकाच हा आघात. त्यात पुष्कळदा काळोख आणि आडवा ओढणारा वारा. पहिला तडाखा बसतो तो घोट्याला.

संरक्षक साधन कोणते हवे, हे सैनिक कसा पडतो यावर ठरते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन छत्री पाठीशी जोडलेली असे. त्यामुळे सैनिक पुढे झुकून हातागुडघ्यांवर पडे आणि त्याला गुडघ्यांवर जाड गाद्या बांधाव्या लागत. दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांची छत्री खांद्यांवरून टांगलेली असल्याने त्यांना पाय जुळवून उतरता येई. तळवे टेकताच पोटरी, मांडी, कुल्हा आणि पाठीची बाजू असे क्रमाने लोळायचे, म्हणजे आघात सर्वांगात वाटला जातो. या पद्धतीत गुडघे आणि घोटे वाकणे अपरिहार्य ठरते. शरीराचे धक्काशोषक तेच!

येथेच रचनाकाराची खरी कसोटी लागते. घोटा पूर्ण जखडला, तर धक्का थेट वर चढण्याची भीती. मोकळा सोडला, तर तो आत मुरगळणार. १९९०च्या दशकात अमेरिकेत आलेल्या घोट्याच्या आधाराने यातून वाट काढली. बुटावरूनच बांधायच्या या साधनात दोन्ही बाजूंना कठीण प्लास्टिकची कवचे असून आत मऊ अस्तर असते. पाऊल वर-खाली हलते, कडेला मात्र वळत नाही. १९९३ मध्ये फोर्ट बेनिंग येथे ७४५ प्रशिक्षणार्थींवर झालेल्या चाचणीत आधाराविना उड्या मारणाऱ्यांपैकी १.९ टक्के जणांचा घोटा असा मुरगळला. आधार वापरणाऱ्यांत हे प्रमाण अवघे ०.३ टक्के होते.

एवढे होऊनही २००० मध्ये त्याचा वापर थांबवण्यात आला. खरेदीचा आणि वरचेवर बदलण्याचा खर्च हे एक कारण; त्याने इतर दुखापती वाढतात, ही कुजबुज दुसरे. नंतरच्या अभ्यासांत या कुजबुजीला आधार सापडला नाही. उलट, साधन न वापरणाऱ्यांत घोट्याच्या दुखापती सुमारे दुप्पट आढळल्या. आकडेवारी हाती असताना ऐकीव गोष्टींना एवढे वजन मिळावे, हे नवलच.

'टी-११' या नव्या, मोठ्या छत्रीने उतरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५.८ मीटरवर आणला आहे. भिंतीच्या हिशेबात सांगायचे, तर उंची अर्ध्या मीटरहून अधिक घटली. वाऱ्याची आडवी ओढ मात्र तशीच आहे.