खारा वारा उशिरा येतो तेव्हा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. २०२५ साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती. त्या दिवशी कोकणात निरोप द्यायला थंडी उरलीच नव्हती. मुंबईसह कोकणातल्या काही जिल्ह्यांना हवामान विभागाने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. त्याच आठवड्यात सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ३८ अंशांच्या पुढे गेला, म्हणजे त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा पाच अंशांहून अधिक वर. पुढे महिनाअखेरीस हिशेब झाला, तेव्हा देशाच्या सरासरी तापमानाचा विचार करता १९०१ पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला.

चंद्रपूर किंवा अकोल्याच्या माणसाला यात नवल वाटेल. ३८ अंशांना लाट म्हणायचं, तर मे महिन्यातल्या ४५ अंशांना काय म्हणायचं? प्रश्न रास्त आहे आणि हवामानाचा अंदाज वाचायला शिकायचं असेल, तर सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी.

सरासरीपासून किती दूर?

हवामान विभागाने महाराष्ट्र आणि गोव्याचे चार उपविभाग केले आहेत : कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. उष्णतेची लाट या सगळ्यांना एकाच फूटपट्टीने मोजत नाहीत. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असावं लागतं, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३०. शिवाय ते तिथल्या सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक वर असावं लागतं. हा फरक साडेसहा अंशांवर गेला की लाट तीव्र समजतात. उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस अशी स्थिती राहिली, की लाट जाहीर होते. सपाट प्रदेशात पारा ४५ अंशांवर पोचला, तर सरासरी पाहण्याची गरज उरत नाही.

त्यामुळे बातमीत नुसता आकडा वाचून थांबू नये. ‘सरासरीपेक्षा इतक्या अंशांनी अधिक’ हे शब्द जास्त महत्त्वाचे. माणसाचं शरीर, आंब्याचं झाड, गोठ्यातली गाय आणि घराचं छप्पर ही सगळी आपापल्या ठिकाणच्या सरासरीला सरावलेली असतात.

दोन वाऱ्यांची झुंज

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोकण अचानक का तापतं, याचं उत्तर शाळेतल्या भूगोलात आहे. दिवसा जमीन समुद्राहून लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि ती जागा घ्यायला समुद्राकडून खारे वारे येतात. रात्री उलट होतं आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. एरवी दुपारच्या सुमारास खारा वारा किनाऱ्यावर पोचतो आणि पाऱ्याची चढण तिथेच थांबते.

वसंतात मात्र काही दिवस पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोर धरतात. दख्खनच्या पठारावर तापलेली ही हवा सह्याद्री उतरून कोकणात येते आणि उतरता उतरता दाबली जाऊन आणखी तापते. दर १०० मीटरच्या उतरणीला कोरड्या हवेचं तापमान जवळपास एका अंशाने वाढतं. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे. तिथली ३४ अंशांची कोरडी हवा थेट किनाऱ्यावर उतरली, तर ती चाळिशीला टेकेल. हे पूर्वेचे वारे खाऱ्या वाऱ्याला समुद्रावरच अडवून धरतात. तो दोन-तीन तास उशिरा आला, तरी तेवढ्या वेळात पारा कुठल्या कुठे जातो.

ही झुंज आजची नाही. मुंबईत सांताक्रूझला ४१.७ अंशांची नोंद झाली ती २८ मार्च १९५६ रोजी. पण तेव्हाची जमीन, समुद्र आणि हवा आजच्याइतकी तापलेली नव्हती. आता तीच झुंज वरच्या पायरीवरून सुरू होते. २०२२ चा मार्च कमाल तापमानाच्या दृष्टीने देशात १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण होता. २०२३ चा फेब्रुवारीही तसाच ठरला, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी २०२५ चा फेब्रुवारी आला.

मोहर, कणी आणि तीन दिवस

अशा आठवड्याची झळ सर्वांत आधी कळते ती हापूसच्या बागायतदाराला. या दिवसांत एकाच झाडावर मोहर, वाटाण्याएवढी कणी आणि गोटीएवढी कैरी एकत्र असू शकतात. तापमान एकदम चढलं की कोवळी फळं गळतात, आणि मोठ्या फळांवर उन्हाच्या बाजूने भाजल्याचे चट्टे पडतात. एकदा गळलेलं फळ त्या हंगामात परत येत नाही.

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि हवामान विभाग यांच्या कृषी सल्ल्यात यावरचे उपाय सांगितलेले असतात. फळगळ कमी करण्यासाठी झाडाला १५० ते २०० लिटर पाणी आळ्यात द्यावं, ओल टिकण्यासाठी आळं गवताने झाकावं आणि अंड्याएवढी झालेली फळं कागदी पिशव्यांत घालावीत. हे सल्ले दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात. लाटेची चाहूल तीन-चार दिवस आधी लागली आणि ती बागेपर्यंत पोचली, तर पाण्याची आणि मजुरांची जुळवाजुळव करता येते. लाट येऊन गेल्यावर हाच सल्ला निरुपयोगी असतो.

न सरावलेलं शरीर

माणसाचंही तेच आहे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात. मे महिन्यात ३८ अंश सोसणारा माणूस फेब्रुवारीत तेवढ्याच तापमानाला बेजार होतो, कारण त्याचं शरीर अजून थंडीतून बाहेर यायचं असतं. त्यात खारा वारा उशिरा का होईना आला, की दमटपणा वाढतो. घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही, तर शरीर थंड होत नाही. म्हणून संध्याकाळी पारा उतरल्यावरही जिवाची काहिली कमी होत नाही.

वेधशाळेतला तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. जाहीर होणारे ३८ अंश हे सावलीतले असतात. डांबर टाकणारा मजूर, पत्र्याखाली शिकणारी मुलं, वाळत घातलेली मासळी राखणारी बाई यांच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त ऊन येतं. डोकं दुखणं, मळमळ आणि पायात गोळे येणं ही धोक्याची पहिली खूण. अशा वेळी सावलीत आणावं आणि मीठ-साखरेचं पाणी, ताक किंवा कोकम सरबत द्यावं. बोलण्यात गोंधळ होऊ लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा तोंडाने काही पाजू नये, अंग गार पाण्याने भिजवावं, वारा घालावा आणि लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.

अंदाज वाचताना

अंदाजातले शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या उपविभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. पिवळा रंग सांगतो की लक्ष ठेवा, नारिंगी सांगतो तयारीत राहा आणि लाल सांगतो की आता कृती करा. कमाल तापमानाशेजारी रात्रीचं किमान तापमानही पाहावं. रात्र गार झाली, तर दिवसभर तापलेलं शरीर सावरतं. रात्रही उष्ण राहिली, तर थकवा साचत जातो, आणि वृद्धांना त्याचा त्रास सर्वांत जास्त होतो.

अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला. आधी इशारा, मग दवाखाने, पाणपोया आणि कामाच्या वेळा अशी त्याची साखळी आहे. कोकणातल्या नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनीही अशी साखळी उभारावी आणि तिची सुरुवात एप्रिलची वाट न पाहता फेब्रुवारीच्या मध्यापासून करावी. शाळा सकाळची करणं, दुपारी १२ ते ३ उन्हातली कामं थांबवणं, बसथांब्यावर पाणी आणि सावली ठेवणं याला मोठा खर्च लागत नाही. आणि आपण प्रत्येकाने इशारा वाचल्यावर निदान एक फोन करावा : गावातल्या एकट्या आजीला, बांधकामावर गेलेल्या भावाला किंवा बागेत राबणाऱ्या गड्याला. वेधशाळेचा अंदाज त्यांच्यापर्यंत पोचवणं आपल्याच हातात आहे.