ब्रेकचे पेडल खोल जाणे : निदान व दुरुस्ती

पनवेल हे मुंबईहून निघणाऱ्या दोन प्रमुख मार्गांचे संधिस्थान होय. एक मार्ग खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्यास जातो; दुसरा कर्नाळ्यावरून कोकणात उतरतो. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा उतारावर गाडी आवरण्याचा भार बैलांच्या मानेवर पडे. मोटारीत तोच भार चालकाच्या पायाखालील एका पेडलावर येतो. हे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागणे ही धोक्याची पहिली सूचना असते. तिचा अर्थ कसा लावावा, याचा विचार येथे केला आहे.

खंडाळा व खोपोली यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार हे अंतर उतरते तेव्हा सुमारे ४९ लक्ष जूल ऊर्जा मुक्त होते. तीस अंश सेल्सिअसचे सोळा लिटर पाणी उकळीस आणण्यास ती पुरेशी आहे. हवेचा विरोध व इंजिन यांत तिचा काही अंश खर्ची पडतो. उरलेली सर्व उष्णता ब्रेकना सोसावी लागते.

द्रवचलित ब्रेकची रचना पास्कालच्या नियमावर आधारलेली आहे. पेडलाची तरफ मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या ढकलते. बंदिस्त द्रवातील दाब सर्व चाकांच्या सिलिंडरांत सारखा पोहोचतो आणि तेथील दट्टे ब्रेकचे शू ड्रमवर दाबतात. बळ वाढविण्यासाठी अंतराचे मोल द्यावे लागते. समजा, चार चाकांत मिळून आठ दट्टे आहेत, सर्व दट्ट्यांचा व्यास मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याइतकाच आहे आणि पेडलाच्या तरफेचे प्रमाण पाचास एक असे आहे. लायनर झिजून प्रत्येक दट्ट्यास केवळ पाव मिलिमीटर अधिक सरकावे लागले, तर मास्टर सिलिंडरचा दट्ट्या दोन मिलिमीटर व पेडल दहा मिलिमीटर अधिक खोल जाईल. चाकातील केसाएवढी फट पायाखाली बोटाएवढी होते, ती अशी.

निदानाचा प्रारंभ पायानेच करावा. गाडी उभी करून पेडल दाबले असता तीन भिन्न लक्षणे आढळतात.

पहिले लक्षण असे, की पेडल खोल जाते, परंतु तेथे घट्ट टेकते. दोनतीनदा झटपट दाबल्यास वर येते. याचा अर्थ शू व ड्रम यांमधील अंतर वाढले आहे. लायनर तपासावे, झिजले असल्यास बदलावे व शूंचे समायोजन करावे. कुर्ल्यास तयार झालेल्या जुन्या फियाट ११०० गाडीसारख्या चारही चाकांना ड्रम असलेल्या मोटारींत हा दोष नित्याचा असे. डिस्क ब्रेकच्या गाडीत चाकाचे बेअरिंग ढिले असले, तर डगमगणारी चकती पॅड मागे ढकलते व पहिल्या दाबास पेडल असेच खोल जाते.

दुसरे लक्षण म्हणजे पेडल स्पंजासारखे मऊ लागणे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, वायू सहज दाबला जातो. म्हणून नळ्यांत हवा शिरली, की पायाचे श्रम ती हवा दाबण्यात वाया जातात. हवा काढण्यासाठी एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने चाकावरील निपल किंचित उघडून बुडबुडे नळीवाटे द्रव भरलेल्या बाटलीत जाऊ द्यावेत आणि पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद करावे. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात. तथापि निर्मात्याने वेगळा क्रम सांगितला असल्यास तोच पाळावा. या अवधीत टाकी रिकामी होऊ देऊ नये. जुन्या गाडीत पेडलाखाली लाकडी ठोकळा ठेवावा. अन्यथा रबरी वायसर सिलिंडरच्या गंजलेल्या भागावरून घासून फाटण्याचा संभव असतो.

तिसरे लक्षण सर्वांत गंभीर होय. पाय स्थिर ठेवला असताही पेडल हळूहळू खाली बसत जाते. दाब कोठून तरी निसटत आहे, हे उघड आहे. टाकीतील पातळी उतरत असेल तर चाकांची आतील बाजू, रबरी नळ्या व सांधे यांवर ओल शोधावी. व्हॅक्यूम बूस्टर असल्यास मास्टर सिलिंडरमागील जोडही पाहावा, कारण तेथील गळती बूस्टरमध्ये मुरते. पातळी कायम असूनही पेडल बसत असेल, तर बहुधा मास्टर सिलिंडरचे वायसर द्रव आतल्या आत मागे सोडत असते. निर्णयासाठी मास्टर सिलिंडरची निर्गममुखे योग्य बुचांनी बंद करावीत. पेडल तरीही बसले तर दोष मास्टर सिलिंडरचा. घट्ट राहिले तर तो पुढील नळ्यांत वा चाकांत. मात्र इंजिन सुरू करताच पेडल किंचित खाली जाणे हे बूस्टर कार्यरत असल्याचे चिन्ह आहे, दोषाचे नव्हे.

या द्रवास व्यवहारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. परंतु प्रचलित द्रव ग्लायकॉल वर्गातील असून तो तेल नव्हे. नावावर विसंबून खनिज तेल घातल्यास रबर फुगते व सर्व यंत्रणा निकामी होते. हा द्रव हवेतील ओलावाही शोषतो. डॉट ३ प्रकारच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. कोकणातील दमट हवेत द्रव ठरावीक मुदतीने बदलणे म्हणूनच अगत्याचे होय.

येथेच एक फसवा प्रकार संभवतो. घाटात तापलेला जुना द्रव उकळतो, वाफ होते आणि पेडल अकस्मात खोल जाते. पनवेलच्या गॅरेजात पोहोचेपर्यंत ब्रेक निवतात, वाफेचे पुन्हा पाणी होते व तपासणीत काहीच आढळत नाही. अशा वेळी ‘दोष नाही’ असा निर्वाळा देणे घातक ठरेल. चालकाचे कथन प्रमाण मानून द्रव संपूर्ण बदलावा, अडकलेले शू पाहावेत व उतारावर खालचा गिअर वापरण्याची सूचना द्यावी.

दुरुस्ती करताना गाडी केवळ जॅकवर विसंबून ठेवू नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असू शकते, यास्तव धूळ फुंकू नये. टाकीत द्रवाची भर घालून पेडल तात्पुरते वर आणणे ही दुरुस्ती नव्हे. पेडल खोल का गेले, याचे कारण सापडेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये, हाच या विवेचनाचा निष्कर्ष होय.