महाधिवक्ता म्हणजे मोठा सरकारी वकील?

उच्च न्यायालयात एखादं प्रकरण सरकारच्या अंगाशी येऊ लागलं, की न्यायमूर्ती समोरच्या सहायक सरकारी वकिलाला सांगतात, ‘एजींना बोलवा.’ दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, ‘महाधिवक्त्यांनी न्यायालयाला सांगितले…’ वाचणाऱ्याला वाटतं, हे सगळ्या सरकारी वकिलांचे साहेब. खुनाचे खटले चालवणार आणि वय झालं की पेन्शनीत जाणार!

खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालवतो तो सरकारी अभियोक्ता. त्याची नेमणूक फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली होते. महाधिवक्ता हे घटनेतलं पद आहे. अनुच्छेद 165 प्रमाणे उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र व्यक्तीला राज्यपाल नेमतात. मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाची. 2016 च्या मार्चमध्ये स्वतंत्र मराठवाड्याच्या वक्तव्यावरून वादळ उठलं आणि श्रीहरी अणे यांना पद सोडावं लागलं.

निवृत्तीच्या वयाचा वाद तर थेट नागपूरला झाला. 1952 मध्ये जुन्या मध्य प्रदेशचे महाधिवक्ता शेवडे यांच्या नेमणुकीला आव्हान मिळालं. न्यायाधीश तेव्हा साठीला निवृत्त होत आणि शेवड्यांनी साठी ओलांडलेली. नागपूर उच्च न्यायालयाने आव्हान फेटाळलं: साठ ही न्यायाधीशाच्या कारकिर्दीची मर्यादा, पात्रतेची अट नव्हे. 2010 मध्ये उत्तराखंडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं.

पद घटनेने जन्माला घातलं, हेही खरं नाही. मुंबईत ते कंपनी सरकारच्या काळापासून आहे. 1935 च्या कायद्याने प्रत्येक प्रांताला एक महाधिवक्ता दिला. मोतीलाल सेटलवाड 1937 ते 1942 मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते आणि पुढे देशाचे पहिले महान्यायवादी झाले. होरमसजी सीरवई तर 1957 पासून 1974 पर्यंत, तब्बल 17 वर्षं या खुर्चीत होते. केशवानंद भारती खटल्यात त्यांनी केरळ सरकारच्या बाजूने, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही असा युक्तिवाद केला, तो फेटाळला गेला, आणि नंतर आपल्याच ग्रंथात त्यांनी निकाल बरोबर असल्याचं लिहिलं. वकिली आणि मत या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे इतक्या उघडपणे कबूल करणारे थोडेच.

महाराष्ट्र आणि गोव्याचं उच्च न्यायालय एकच, पण महाधिवक्ते दोन. कारण हे पद न्यायालयाचं नसून राज्याचं आहे.

मग तो सरकारच्या हातातलं बाहुलं का? इथे थोडं थांबावं लागतं. सामान्य नागरिकाला कुणावर न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची कारवाई करायची असेल, तर उच्च न्यायालयात जाण्याआधी 1971 च्या कायद्याप्रमाणे महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. (न्यायालय स्वतःहून दखल घेऊ शकतं, तो भाग वेगळा.) ती द्यायची की नाही, हे त्याने स्वतः ठरवायचं असतं. तिथे मंत्र्याची सही चालत नाही.

आणि विधिमंडळ? अनुच्छेद 177 ने त्याला दोन्ही सभागृहांत बोलायचा हक्क दिलाय. म्हणून पेच पडला की विरोधक ‘महाधिवक्त्यांना सभागृहात बोलवा’ असा हट्ट धरतात. तो येतो, कायदा समजावून सांगतो, आमदारांसारखं विशेषाधिकारांचं संरक्षणही त्याला असतं. मतदान पुकारलं, की मात्र त्याने नुसतं बसून पाहायचं.