हात कोणाचा होता?

अंधाऱ्या खोलीत दोन पलंगांवर दोघीजणी झोपल्या आहेत. पलीकडच्या खोलीतून आधी कुणाची तरी बडबड आणि मग लहान मुलाचे विव्हळणे ऐकू येते. एलिनॉर घाबरून थिओडोराचा हात घट्ट धरून ठेवते. अखेर असह्य होऊन ती ओरडते, दिवा लागतो. पाहते तर थिओडोरा आपल्या पलंगावर, झोपेतून दचकून उठून बसलेली. मग इतका वेळ हाती धरलेला तो हात कोणाचा?

शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (१९५९) या कादंबरीतला हा प्रसंग. उत्तर कादंबरीत नाही. साठाहून अधिक वर्षे वाचक ते शोधत आहेत, आणि आवडता लेखक गेला की वाचक नेमके काय गमावतो, हेही त्या शोधात दडलेले आहे.

कथा थोडक्यात अशी. अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणारे डॉ. माँटेग्यू एक बदनाम वाडा भाड्याने घेतात आणि सोबतीला काही माणसे बोलावतात. त्यांतली एलिनॉर बत्तीस वर्षांची. आयुष्यातली अकरा वर्षे तिने आजारी आईच्या शुश्रूषेत घालवली आहेत. आई औषधासाठी भिंतीवर ठोके द्यायची. ती गेली त्या रात्री आपण ते ठोके ऐकूनही पुन्हा झोपलो की काय, हा सल एलिनॉरला आहे. आता वाड्यातली पहिली भयंकर रात्र आठवा. दारांवर कोणीतरी जोरजोराने ठोकते आहे, आणि अर्धवट झोपेत एलिनॉर आईलाच ओ देते.

म्हणजे भूत वाड्यात नाही, एलिनॉरच्या मनात आहे? हे वाचन मोहक आहे, पण पुरे पडत नाही. तो आवाज थिओडोरानेही ऐकलेला असतो. बरे, म्हणून तो खरा मानावा, तर कुत्र्यासारखे काहीतरी दिसले म्हणून बाहेर धावलेल्या दोघा पुरुषांना त्यातले काहीच ऐकू आलेले नाही. तिसरा पक्ष सांगतो की हे सारे एलिनॉरच नकळत घडवते आहे. त्यालाही आधार आहे. ती बारा वर्षांची असताना, वडील गेल्यानंतर महिनाभरात, तिच्या घरावर तीन दिवस दगडांचा वर्षाव झाला होता आणि डॉक्टरांनी तिला बोलावले ते त्यामुळेच. जॅक्सनने प्रत्येक पुराव्याच्या मागच्या बाजूवर उलटा पुरावा कोरून ठेवला आहे. कोणत्याही एका पक्षाला पुस्तक पूर्ण बळ देत नाही आणि कोणाला पूर्ण हरवतही नाही. संदिग्ध भयकादंबरी आणि अर्धवट सुचलेली भयकादंबरी यांत फरक असतो तो एवढाच, आणि तो मोठा आहे.

यावर वाचकाचा हमखास उपाय म्हणजे लेखकालाच विचारणे. या बाबतीत तेही झालेले आहे. रॉबर्ट वाइज याने या कादंबरीवर चित्रपट करायचे ठरवले तेव्हा पटकथाकार नेल्सन गिडिंग याला वाटू लागले की ही सगळी एका ढासळणाऱ्या मनाचीच गोष्ट आहे. दोघे व्हरमाँटमधल्या बेनिंग्टनला जाऊन जॅक्सनला भेटले. कल्पना चांगली आहे, पण कादंबरी अतिमानवीच आहे, असे तिने सांगितले. प्रश्न मिटायला हवा होता. पण १९६३ साली आलेला ‘द हाँटिंग’ दोन्ही वाटा मोकळ्या ठेवतो आणि वाद तर मुळीच थांबला नाही. लेखिकेने साक्ष दिली खरी, पण पुस्तकाने ती ऐकली नाही.

चित्रपटानंतर दोन वर्षांनी, ८ ऑगस्ट १९६५ रोजी, दुपारच्या झोपेतच जॅक्सन गेली. वय अवघे ४८. ती गेल्यावर स्टीफन किंगसारख्या वाचकाने शोक कसा केला ते पाहण्यासारखे आहे. ‘सेलम्स लॉट’च्या (१९७५) पहिल्या भागाच्या आरंभी त्याने ‘हिल हाउस’मधला उतारा घातला, १९८० ची ‘फायरस्टार्टर’ तिच्या स्मृतीला अर्पण केली आणि पुढच्याच वर्षी ‘दान्स मकाब्र’ या ग्रंथात हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’च्या बरोबरीने तिला मान दिला. श्रद्धांजलीचा हा प्रकार मला सभेतल्या भाषणांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो.

या साखळीचे पुढचे टोक मराठीत आहे. नारायण धारपांची ‘लुचाई’ ही ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. म्हणजे जॅक्सनच्या त्या वाड्याची सावली किंगमार्फत आपल्या वाचनालयांतल्या, पाने सुटत आलेल्या प्रतींपर्यंत पोहोचली. मात्र धारपांच्या जगात, विशेषतः समर्थांच्या कथांत, अमंगळ ते अमंगळच असते आणि त्याचा बंदोबस्त होतो. तिथे वाचक ‘खरे काय घडले’ म्हणून भांडत नाहीत, फार तर सर्वांत भीतिदायक गोष्ट कोणती यावर भांडतात. धारप २००८ मध्ये गेले तेव्हा हळहळ होती ती असा आश्वासक सोबती गेल्याची. रत्नाकर मतकरींनी आपल्या कथांसाठी ‘गूढकथा’ हा शब्द रुजवला. त्यात भुतापेक्षा माणसाच्या मनाला जागा जास्त. ‘खेकडा’ किंवा ‘मध्यरात्रीचे पडघम’ वाचणाऱ्यांना ते नव्याने सांगायला नको. मे २०२० मध्ये करोनाने मतकरी गेले तेव्हा टाळेबंदी होती. शोकसभा भरणे शक्य नव्हते. घरात अडकलेल्या वाचकापाशी उरली होती ती कपाटातली पुस्तके.

अशा वेळी ‘आता विचारायचे कोणाला?’ हा उद्गार हटकून निघतो. जॅक्सनचे उदाहरण पाहता त्यात फारसा अर्थ नाही. विचारून झाले होते, उत्तरही मिळाले होते, आणि त्या हाताचे कोडे तसेच राहिले. वाचलेल्या पुस्तकातले काहीच लेखकाबरोबर जात नाही. जाते ते न वाचलेले, पुढचे पुस्तक.

(जाता जाता संशोधकांसाठी: एलिनॉरची गाडी झाडावर आदळून ती मरते, त्यानंतर जॅक्सन बाकीच्यांची वासलात मोजक्या ओळींत लावते. डॉ. माँटेग्यूंच्या हिल हाउसवरील लेखाचे इतके थंडे स्वागत होते की ते अभ्यासातूनच निवृत्त होतात. संशोधन विभागात लिहिताना ही ओळ विसरता येत नाही.)

जॅक्सनच्या बाबतीत ते पुढचे पुस्तक काही अंशी आपल्या हाती आहे. ‘कम अलाँग विथ मी’ ही तिची अपुरी कादंबरी पती स्टॅन्ली एडगर हायमन याने १९६८ मध्ये प्रसिद्ध केली. नायिका पुन्हा एक एकटी बाई, पण एलिनॉरच्या अगदी उलट. नवरा नुकताच गेलेला. ही घर विकून अनोळखी शहरात येते, स्वतःला नवे नाव घेते आणि भाड्याची खोली पाहते. मृतांचे आवाज तिलाही ऐकू येतात, पण ती त्यांना घाबरत नाही, त्यांच्यावर पोट भरायचा तिचा बेत आहे. सूर चक्क मिस्कील आहे. भयाच्या लेखिकेला शेवटी हसू सापडले होते. जेमतेम सहा प्रकरणे होतात, आणि मजकूर थांबतो.