मूल मठ्ठ नाही, अक्षर अडते

मागच्या महिन्यात चिखली तालुक्यातले एक शेतकरी तिसरीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, तोंडी हिशेब बरोबर करतो, पण पुस्तक धरलं की घाम फुटतो. स्मरणशक्तीचं टॉनिक लिहून द्या," असे त्यांचे म्हणणे. 'बुद्धी वाढवणाऱ्या' एका वर्गाच्या फीसाठी त्यांनी पैसेही बाजूला ठेवले होते.

मुलाची नजर आणि कान तपासले, दोन्ही ठीक. गोष्ट ऐकवली, ती त्याने नीट परत सांगितली. मात्र 'घर' दाखवले तर 'धर' वाचले. 'कपाट'मधला 'क' काढला तर काय उरते, हेही सांगता येईना. ही लक्षणे डिसलेक्सियाची असू शकतात. यात बुद्धी कमी नसते. आवाज आणि अक्षर यांची जोडी मेंदूत चटकन जुळत नाही. हा दोष पुष्कळदा घराण्यात चालत येतो, असे सांगताच वडील हळूच म्हणाले, "मी चौथीत शाळा सोडली, ती यापायीच."

आपल्या लिपीतही अडथळे आहेत. 'दिवा' लिहिताना वेलांटी 'द'च्या आधी येते, उच्चारात मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर बसतो, पण 'र' बोलायचा 'य'च्या आधी. घ-ध, भ-म या जोड्या दिसायला सारख्या. जोडाक्षरे सुरू झाली की असे मूल मागे पडते.

मग स्मरणशक्तीचे खेळ उपयोगी पडतात का? अशा खेळांच्या सरावाने मूल त्या खेळात तरबेज होते; वाचन त्याने फारसे सुधारत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. डिसलेक्सिया बरा करणारे टॉनिकही नाही. फायदा होतो तो आवाज आणि अक्षर यांच्या पद्धतशीर सरावाचा. घरी रोज पंधरा-वीस मिनिटे पुढीलप्रमाणे करावे.

१. पाटी न घेता शब्द फोडावेत : क-म-ळ. पहिला आवाज काढून काय उरते ते विचारावे.

२. एका वेळी एकच मात्रा शिकवावी. ताटात रवा पसरून मुलाने बोटाने अक्षर गिरवावे आणि मोठ्याने उच्चारावे.

३. घ आणि ध एकाच दिवशी शिकवू नयेत.

४. शिकलेल्या अक्षरांचीच छोटी वाक्ये मुलाबरोबर वाचावीत.

फरक दिसायला काही महिने लागतात. मारणे, भावंडांशी तुलना करणे टाळावे. त्याने मूल पुस्तकालाच भिऊ लागते.

गुरुजींशी अवश्य बोलावे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली 'डाली' ही चाचणी तयार केली. ती मराठीतही आहे आणि शिक्षकांसाठी त्यात प्राथमिक तपासणीची साधने आहेत. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही मूल दाखवावे. अध्ययनातील अडचणी त्यांच्या यादीत आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात.

त्या शेतकऱ्याला मी टॉनिक लिहून दिले नाही. वर्गाची फी वाचवा आणि रोज रात्री जेवणाआधी लेकाजवळ बसा, एवढेच सांगितले. "मला वाचता येत नाही, साहेब," ते म्हणाले. मी म्हटले, "शब्द फोडायला वाचता यावं लागत नाही, भाऊ. अक्षरं त्याच्यासोबत तुम्हीही गिरवा."