कापरापासून कार्बन नॅनोनलिका
सन १९९१ मध्ये जपानचे सुमिओ इजिमा यांनी वर्णिलेल्या कार्बन नॅनोनलिका ग्रॅफाइटच्या कांड्यांमधील विद्युत प्रज्योतीत घडल्या होत्या. तेथील तापमान ३,००० अंश सेल्सिअसहून अधिक. साहजिकच खर्चही तसाच. आयआयटी मुंबईचे प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कच्चा माल म्हणून पाहिले ते आपल्या देवघरातील कापराकडे. पुढे नागोयाच्या मेइजो विद्यापीठात मुकुल कुमार व योशिनोरी आंदो यांनी लोह-कोबाल्टयुक्त झिओलाइटच्या भुकटीवरून कापराची वाफ नेऊन सुमारे ६५० अंशांवर नलिकांचे भरघोस उत्पादन घेतले. कापूर सहज वायुरूप होतो; शिवाय त्याच्या रेणूतील ऑक्सिजन निरुपयोगी कार्बन जाळून टाकतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. (बाजारातील बहुतेक कापूर टर्पेंटाइनपासून बनतो, म्हणजे मूळ पाइनची राळच.)

उत्पादन स्वस्त झाले म्हणून नलिका शेतात वापरण्यास योग्य ठरत नाहीत. सन २००९ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा येथे नलिकांच्या सान्निध्यात टोमॅटोचे बी लवकर रुजले. पण तो प्रयोगशाळेतील प्रयोग होता. नलिकांत उत्प्रेरक धातूंचे अंश राहू शकतात आणि त्या श्वासावाटे शरीरात जाणे धोक्याचे ठरू शकते. ‘नॅनो’ नावाची बाटली समोर आली, तर विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम त्यातील घटक व खत नियंत्रण आदेशाखालील मान्यता तपासावी. नॅनो युरियाची गोष्ट निराळी. त्यात या नलिका नसतात.