थर्मोकोलच्या डब्यातला रेडिओ

“मामा, आपला फ्रीझर किती थंड होतो हो?” भाचीने विचारले, तेव्हा मला वाटले, कुल्फीचा बेत दिसतो!

बेत निघाला आकाशाचा. मोठ्या रबरी फुग्याला डबा बांधून तो तीस किलोमीटर उंच धाडायचा, आणि डब्यातल्या रेडिओने वाटभर आपला ठावठिकाणा खाली कळवत राहायचे. कल्पना मूळची हवामानशास्त्रज्ञांची. रशियात पावेल मोल्चानोव्ह यांनी ३० जानेवारी १९३० रोजी असा रेडिओवाला फुगा सोडला होता. आता हौशी मंडळीही सोडतात. भाचीकडे हौशी रेडिओचा सरकारी परवाना; मी जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेले. जोडी जमली.

आम्ही सोलापूरकर. उन्हाचे आम्हांला काय कौतुक! पण याच सोलापूरच्या डोक्यावर सोळा-सतरा किलोमीटर चढून गेले, तर उणे ऐंशी अंशांच्या आसपास थंडी असते. आमचा फ्रीझर बिचारा उणे अठरापर्यंत धापा टाकतो. म्हणून कोरडा बर्फ मिळवला. तो उणे अठ्ठ्याहत्तर अंशांचा. घरातल्या घरात आकाश! (मात्र त्याचा वायू कोंडला तर घातक, म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या.)

फुगा सेकंदाला पाच मीटर चढतो असे धरले, तर वर पोचायला शंभर मिनिटे. तिथे हवेचा दाब जमिनीवरच्या शंभरावा हिस्सा. फुगा फुगत फुगत अखेर फुटतो आणि डबा छत्रीवर तरंगत उतरतो. म्हणजे रेडिओने तीन तास तरी तग धरायला हवा. साधे अल्कलाइन सेल घातले होते. सव्वा तासात रेडिओची किलबिल पेंगुळली, मग बंदच पडली. भाचीचा चेहरा उतरला. या सेलांतले रसायन पाण्यात कालवलेले असते, ते थंडीने सुस्तावते. दुसऱ्या दिवशी लिथियमचे सेल घातले. महाग, पण वजनाला हलके आणि थंडीला खंबीर. तीन तास झाले, साडेतीन झाले, किलबिल चालूच! घरात कोणी जेवायलाही उठेना.

आता खरी मेख ऐका. उपग्रहांवरून आपली जागा ओळखणारी कित्येक यंत्रे अठरा किलोमीटरच्या वर मुद्दाम मुकी होतात. क्षेपणास्त्रांत कोणी वापरू नयेत म्हणून पूर्वी केलेल्या नियमातून ही प्रथा आली. उंचावरही चालणारे यंत्र शोधून घ्यावे लागले. आणि वर असताना ज्याचे बोलणे शेकडो किलोमीटर ऐकू येते, तोच डबा ज्वारीच्या शेतात उतरला की बांधापलीकडे ऐकू येत नाही! म्हणून आत एक भोंगाही बसवला. वजन वाढले, पण त्यावर मी हटून बसलो.

विमानवाल्यांच्या परवानगीशिवाय फुगा सोडायचा नाही, हे पहिल्या दिवसापासूनचे ठरलेले. अर्ज गेला आहे. हिवाळ्यात बारा-तेरा किलोमीटरवरचे वारे पश्चिमेचे, तेव्हा डबा बहुधा कलबुर्गीकडे जाणार. म्हणून डब्यावरची चिठ्ठी तीन भाषांत: “घाबरू नका, हा बॉम्ब नव्हे. विद्यार्थिनीचा प्रयोग आहे. कृपया फोन करावा.” मराठी मी लिहिली, कानडी भाचीच्या मैत्रिणीने, तेलुगू शेजारच्या विणकर आजोबांनी. आजोबांची चिठ्ठी एका ओळीने लांब दिसली, म्हणून विचारले. त्यांनी आपल्या मनानेच घातले होते: डबा आणून देणाऱ्यास जेवण मिळेल.